सेंद्रिय संत्रा बाग: गटातल्या एकाने फवारणी केली, अनुदान आणि प्रमाणपत्राचं काय होईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मोर्शी भागात आमची हेक्टरभर संत्रा बाग आहे. सहा बाय सहा मीटरवर २७७ झाडं लावलेली, तुटाळ सोडून आज २६० उभी आहेत. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाग मीच बघते. सेंद्रिय शेतीसाठीच्या सरकारी परंपरागत कृषी विकास योजनेच्या गटात आमचं हे तिसरं वर्ष.

योजनेत तीन वर्षांचे मिळून हेक्टरी ३१,५०० रुपये आहेत, पण खात्यात थेट येतात ते १५,०००. बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीसाठी. म्हणजे वर्षाला ५,०००, माझ्या बागेत झाडामागे जेमतेम १९ रुपये. एका मोठ्या झाडाला ५० किलो शेणखत धरलं तर १३ टन लागतं, आणि ते काही १९ रुपयांत येत नाही. तरी मी गटात राहिले ते प्रमाणपत्रासाठी. फळबागेला रूपांतरणाची, म्हणजे रसायनं सोडून सेंद्रिय होण्याची, तीन वर्षं काढावी लागतात, त्यातली दोन मी काढली आहेत.

आता अडचण सांगते. गेल्या महिन्यात सकाळी धुऱ्यावरून जाताना शेजारच्या बागेतून औषधाचा वास आला. ते भाऊ आमच्याच गटातले. काळ्या माशीने त्यांच्या झाडांवर कोळशी (काळी बुरशी) चढली होती, पानं हाताला चिकट लागायची, आणि सुपारीएवढी फळं रोज खाली पडत होती. त्यांनी रासायनिक फवारणी केली. मला त्यांच्यावर रागावता येत नाही, वर्षाचा पैसा डोळ्यांदेखत गळताना कोण गप्प बसेल?

पण आता गटाची तपासणी आली आहे, आणि त्यांच्या बागेच्या तपासणी अर्जावर सही करायची पाळी माझी आहे. बैठकीत चौघे म्हणाले, "कर सही, नाहीतर सगळ्यांचंच जाईल." खरंच सगळ्यांचं जातं का? आणि धुऱ्यालगतच्या माझ्या ओळीचं काय? शिवाय मी पावसाआधी खोडांना बोर्डो मलम लावलं (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी), ते चालतं ना? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा. तीन रात्री झोप नाही.

प्रतिसाद १

ताई, सही करू नका. पीजीएसमध्ये, म्हणजे तुमच्या गटाला प्रमाणपत्र मिळतं त्या सहभागी हमी पद्धतीत, शेतकरीच एकमेकांची बाग तपासतात, सगळी भिस्त त्या सहीवर असते. कोणाला प्रमाणपत्र द्यायचं आणि कोणाला नाही हे गटच ठरवतो, म्हणून एकाची चूक नोंदवली तर बाकीच्यांचं आपोआप रद्द होत नाही. ती लपवली आणि नमुन्यात अंश सापडला, तर मात्र अख्ख्या गटावर विश्वास कोण ठेवील? फक्त गटात किमान पाच जण उरायला हवेत, ते आधी मोजा.

धुऱ्यालगतच्या ओळीचा माल वेगळा तोडा, सेंद्रिय म्हणून विकू नका. वहीत तारखेसह लिहून ठेवा. बोर्डोला मर्यादेत परवानगी असते, पण त्याचीही नोंद हवीच.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. एक भर घालतो: पीजीएसचं प्रमाणपत्र देशातल्या विक्रीसाठी आहे. पुढे निर्यातीचा विचार असेल तर एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) प्रमाणीकरण लागेल, तेव्हा आजच्या नोंदी जपून ठेवा. कच्च्या पावत्यासुद्धा.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी त्या भाऊंच्या ओसरीवर जाऊन बसले. मी बोलायच्या आधी त्यांनीच औषधाची रिकामी बाटली आणून समोर ठेवली. म्हणाले, "बाई, लिही तू. मलाही चोरासारखं वाटतंय." वहिनींनी चहा ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून तारीख, औषध, किती पंप मारले ते सगळं त्यांच्या वहीत उतरवलं. त्यांना सोडून गटात आम्ही अकरा जण उरतो.

आता त्यांच्यासाठी विचारते. त्यांना सेंद्रिय सोडायचं नाही. फवारणीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मोजून ते याच गटात राहू शकतात का? आणि कोळशीवर बिनरासायनिक काय केलंत, कोणत्या महिन्यात, किती वेळा, हे ज्यांची बाग वाचली त्यांनी नक्की लिहा. पुढच्या बहाराआधी त्यांच्या आणि माझ्या बागेत एकदमच करू म्हणते.