एल रेनोच्या टोर्नेडोत इतके अनुभवी चेझर कसे सापडले?

सायनचा_पाऊस:
काल रात्री अमेरिकेतल्या स्टॉर्म चेझर्सच्या (वादळांचा पाठलाग करणाऱ्यांच्या) आठवणी ऐकत बसलो होतो, ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टोर्नेडो, 31 मे 2013, आणि झोपच उडाली. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सोबतचे कार्ल यंग तिघंही त्यात गेले. टिम म्हणजे काही हौशी माणूस नव्हे, 2003 ला साउथ डकोटात टोर्नेडोच्या वाटेत यंत्र ठेवून त्यांनी हवेचा दाब 100 मिलिबारने घसरलेला मोजला होता. मग असा माणूस कसा काय सापडतो?
विचारतोय कारण माझा धाकटा भाऊ. तौक्ते चक्रीवादळाच्या दिवशी हा वरळी सीफेसला मोबाईल घेऊन उभा, आणि आई घरी फोन लावून लावून रडकुंडीला आलेली. आता म्हणतो ओक्लाहोमाला जाऊन चेझिंग शिकायचंय.

नॉर्मनवाली_मुलुंडकर:
मी तेव्हा ओक्लाहोमातल्याच नॉर्मनला शिकत होते. अकरा दिवस आधीच शेजारच्या मूर गावात टोर्नेडोत 24 माणसं गेली होती, त्यामुळे लोक इतके धास्तावलेले की त्या संध्याकाळी कितीतरी जण गाड्या काढून पळाले आणि हायवे जाम, म्हणजे टोर्नेडो आला असता तर सगळे गाडीतच अडकलेले.
चेझर्सचं म्हणशील तर तो टोर्नेडो आधी आग्नेयेकडे चालला होता, मग पूर्वेला, आणि मग एकदम ईशान्येला वळला, वेग वाढवला आणि बघता बघता फुगत गेला. रुंदी 4.2 किलोमीटर! दादर स्टेशनपासून जवळजवळ वांद्रे स्टेशनपर्यंत एकच टोर्नेडो, डोळ्यासमोर आण. त्यात पावसाचा पडदा, त्यामुळे कडा कुठे संपते तेच कळेना. शिवाय मोठ्या भोवऱ्याच्या पोटात छोटे भोवरे फिरत होते, त्यातलाच एक त्यांच्या गाडीवर आला. गाडीवर बसवलेल्या मोबाईल रडारवर वारा ताशी 450 किमीच्या वर मोजला, पण बराचसा भाग मोकळ्या शेतांचा, म्हणून नुकसानीवरून रेटिंग ईएफ3 च दिलं (टोर्नेडोची ही मोजपट्टी 0 ते 5 असते). मला हे अजून पटत नाही.
अनुभव कमी पडला असं मी तरी म्हणणार नाही रे. मागे सरकायला जागाच उरली नाही.

कुलाबा_रडार_बघणारा:
तौक्तेला कुलाब्यात झोत ताशी 114 किमीचे होते आणि तेवढ्यात झाडं उन्मळून पडली होती, त्यावरून काय तो अंदाज करा. दादा, भावाला अडवू नका पण आधी रडार वाचायला शिकू दे, मुंबईतल्या वेरावली आणि कुलाबा रडारच्या इमेज रोज बघायला सांगा. सीफेसवर उभं राहून वादळ कळत नाही, नुसतं अंगावर येतं.

सायनचा_पाऊस:
दोघांचेही मनापासून आभार. भावाला वाचून दाखवलं. दादर-वांद्रेवर गप्पच झाला, मग विचारलं पॉल किती वर्षांचा होता. 24. हापण 24 चाच आहे. आत्ता शेजारी बसून वेरावलीचं रडार उघडलंय त्याने, हिरवं-पिवळं म्हणजे काय ते मलाच विचारतोय.