बोर्डाचं गाइड चुकलं तर नुसतं "मीटर लावून बघ" म्हणून सोडून द्यायचं का?

मागवाला_सोलापूर:
मंडळी, जरा लांबड लागणारे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात आठ मागांवर पिक (विणताना पडणारा आडवा धागा) मोजायचं काम घेतलं होतं, प्रत्येक मागाला एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, एक रेफरन्स बोर्ड (कंपनीचा तयार नमुना सर्किट बोर्ड), आणि सगळे बोर्ड आरएस-४८५ च्या (ए आणि बी अशा दोन वायरींवरून लांबवर डेटा नेणारी पद्धत) एकाच तारेवर, शेवटी ऑफिसात कॉम्प्युटर. बोर्ड कुणाचा ते सांगत नाही, भांडण काढायचं नाहीये. टेबलावर एक बोर्ड लावला, चालला. दोन लावले, चालले. कारखान्यात आठही जोडले की आकडे कधी येतात, कधी कचरा, तिसऱ्या मागाचं उत्तर तर येतच नाही.

पहिला दिवस मोटारींच्या नॉइजला शिव्या देण्यात गेला. दुसऱ्या दिवशी अर्थिंग, मग सुताची धूळ, मग शिल्डेड केबल आणली, सव्वादोन हजार गेले, फरक शून्य. तिसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता कळलं की बोर्डाच्या गाइडातलं जंपरचं (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) टेबल उलटं आहे. त्यात लिहिलंय जेपी३ बसवला तर १२० ओहमचं टर्मिनेशन (तारेच्या फक्त दोन टोकांना लागणारा रेझिस्टर) बंद, काढला तर चालू. खरं बरोब्बर उलट. म्हणजे मी इमानदारीत गाइड वाचून मधल्या सहा बोर्डांवर जंपर बसवले, टर्मिनेशन बंद व्हावं म्हणून, आणि सहाच्या सहा चालू करून ठेवले, आणि टोकांच्या दोन बोर्डांवर जिथं हवं तिथंच काढून टाकलं.

माझं म्हणणं एवढंच की चुका होतात, होऊ देत. पण ती चूक माझ्याआधी कुणाला तरी सापडलीच असणार, तो गप्प का बसला? आपल्याकडं सापडलेली दुरुस्ती डोक्यात ठेवायची, फार तर मित्राला फोनवर सांगायची, कागदावर कुणी उतरवतच नाही. बोला.

जुना_सोल्डर:
बोलतो, राग मानू नका. तीन दिवस गाइडामुळं नाही गेले, तुमच्यामुळं गेले. पॉवर बंद करून तारेच्या ए आणि बी मध्ये मीटर लावायचा, दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असले तर साधारण ६० ओहम दिसायला पाहिजे. तुमचे सहा समांतर, म्हणजे २० दिसले असते. एक मिनिटाचं काम. २० ओहमवर ड्रायव्हर (तारेवर सिग्नल पाठवणारी चिप) काय दम काढणार, लाइनवर व्होल्टेजच उभं राहत नाही.

गाइड म्हणजे लग्नपत्रिका हो. पत्रिकेत १२.३५ छापलंय म्हणून कोण १२.३५ ला अक्षता टाकतं? सर्किट डायग्राम उघडायचा, जंपर कुठल्या तारेत आहे ते बघायचं, संपलं. पंचवीस वर्षं हेच केलं, गाइड वाचून कधी जंपर लावला नाही.

मागवाला_सोलापूर:
६० ओहमचं मान्य, मला तेव्हा सुचलं नाही, सुचायला हवं होतं. पण काका, मग गाइड छापायचंच कशाला? आणि तुम्ही पंचवीस वर्षं जे शिकलात ते नवीन पोरानं पहिल्याच आठवड्यात कुठून आणायचं? पत्रिका चुकली तर निदान पाहुणे फोन करून विचारतात, इथं विचारायचं कुणाला.

डिप्लोमा_मॅडम:
मी पोरांना हेच शिकवते म्हणून दोन्ही बाजू दिसतात मला. जुना_सोल्डर सरांचं सर्किट बघायचं म्हणणं बरोबर, पण "गाइड वाचूच नको" हे पोरांना सांगितलं तर ती गाइडही वाचत नाहीत आणि सर्किटही बघत नाहीत, सरळ व्हिडिओ बघून तारा खुपसतात.

आणि सगळ्याच गोष्टी सर्किट बघून कळत नाहीत. आरएस-४८५ चंच घ्या. मूळ स्टँडर्डमध्ये लाइन निवांत असताना बी ची बाजू ए पेक्षा वर असते. पण बहुतेक ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या) चिपांच्या डेटाशीटमध्ये, आपल्या मॅक्स४८५ मध्येसुद्धा, ए ला नॉन-इन्व्हर्टिंग म्हटलंय, म्हणजे निवांत असताना ए वर. दोघांचं ए-बी एकमेकांच्या उलट. यात चूक कुणाची? कुणाचीच नाही, आणि पोरगं मात्र दिवसभर डोकं धरून बसतं. (तारा उलटून बघितल्या तर सहसा काही जळत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.) मॉडबसमध्ये (याच तारेवरून आकडे मागायची भाषा) तेच, कागदावर रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) ४०००१ आणि तारेवरून जाताना त्याचा पत्ता शून्य. एकाच्या फरकानं प्रोजेक्टचा आख्खा आठवडा जातो. हे कुठंतरी लिहिलेलं असलं तर वाचतो की वेळ.

जुना_सोल्डर:
मॅडम, तुमचं शिकवणं चालू राहू दे. पण लिहून ठेवलं की पोरं ते पाठ करणार, समजून घेणार नाहीत. डोकं धरून बसलं की कायमचं लक्षात राहतं.

नवीपेठ_दुरुस्ती:
आता मी खरं बोलू का, शिव्या घालाल. माझं नव्या पेठेत दुकान आहे. महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकं हाच बोर्ड घेऊन येतात, "खराब झालाय" म्हणून. मी आत नेतो, जंपर फिरवतो, दहा मिनिटं चहा पितो, बाहेर आणून देतो, पाचशे रुपये. तुम्ही विचारता आधी सापडलं तो गप्प का बसला, तर तो मी. गाइडातली ती ओळ माझं दुकानाचं भाडं काढते हो. लिहून लावलं तर उद्या पाचशे कोण देणार?

मागवाला_सोलापूर:
😂 निदान खरं तरी बोललात. म्हणजे माझे सव्वादोन हजार तुमच्या पाचशेपायी गेले म्हणायचे.

काका, तुम्हाला एक सांगतो. २०१९ ला रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड आला, टाइप-सी च्या दोन सीसी पिनांना (काय जोडलंय ते चार्जर यांवरून ओळखतो) वेगवेगळा ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लागतो, त्यांनी दोघींत मिळून एकच लावला होता. ई-मार्क चिपची (केबलची ओळख सांगणारी चिप) महागडी केबल लावली की चार्जरला वाटायचं ऑडिओची वस्तू जोडलीय, पॉवरच द्यायचा नाही. साध्या स्वस्त केबलवर मजेत चालायचा. कंपनीनं चूक कबूल केली, पुढच्या बोर्डात सुधारली. एवढ्या मोठ्यांना लाज वाटली नाही, आपण का लपवायचं?

जुना_सोल्डर:
आणि ती चूक सापडली कशी? बाहेरच्या माणसानं सर्किट उघडून बघितलं म्हणून. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं की.

मागवाला_सोलापूर:
त्यानं बघितलं आणि मग सगळ्यांना सांगितलं. ते पुढचं अर्धं तुम्ही गिळताय.

असो, मी माझ्यापुरतं केलं. एक कागद छापून आठही डब्यांच्या झाकणाला आतून चिकटवला, "गाइडातलं जेपी३ चं टेबल चुकीचं आहे, जंपर बसवला की टर्मिनेशन चालू". टोकांना बसवले, मधले काढले, कालपासून एक पिक चुकला नाही. कागदाचा फोटो इथं टाकलाय, घ्या कुणाला पाहिजे तर.

पूर्वभाग_बे:
काय बे, काय सांगूलालाव लोकांना! तुमचा फोटो बघून माझ्या चार बोर्डांवर आत्ता जंपर फिरवले आणि चालू असलेली लाइन बंद पडली. पूर्व भागात काकाचा कारखाना, तो दारात उभारून माझ्याकडं बघूलालाय. काय करू?

डिप्लोमा_मॅडम:
बोर्डाच्या मागं बारीक अक्षरात आवृत्ती असते, ती सांगा आधी.

पूर्वभाग_बे:
१.०

मागवाला_सोलापूर:
अरे देवा. माझे सगळे १.२ आहेत.

जंपर आधीसारखे करा आधी, मग पॉवर बंद करून ए-बी मध्ये मीटर लावा.

पूर्वभाग_बे:
केले. ६१ दाखवतंय. चालू झालं. काका आत गेला.

जुना_सोल्डर:
म्हणजे गाइड चुकीचं नव्हतंच, जुनं होतं. १.० साठी लिहिलं, पुढं बोर्ड बदलला आणि टेबल तसंच राहिलं. आणि तुमची दुरुस्तीसुद्धा त्याच जातीची निघाली, कुठल्या बोर्डाला ते न लिहिता छापलेली. मी मघाशी काय म्हणत होतो?

मागवाला_सोलापूर:
हो काका, चुकलो. बे भाऊ, सॉरी, काकांनाही सांगा. आठ डबे परत उघडतोय उद्या. नवीन कागदावर वरती मोठ्या अक्षरात "फक्त आवृत्ती १.२", खाली "१.० ला गाइड बरोबर आहे", आणि त्याखाली ६० ओहमची गोष्ट. १.१ कुणाकडं असेल तर मोजून सांगा, तोपर्यंत तो रकाना रिकामा ठेवतो. पण कागद काढणार नाही.

जुना_सोल्डर:
६० ओहमची ओळ सगळ्यात वर टाका. बाकी मग तुमच्या मनाला येईल ते लिहा.

नवीपेठ_दुरुस्ती:
१.१ चा एक पडलाय दुकानात, गिऱ्हाईक परत आलंच नाही. सकाळी मोजून टाकतो. नवीन कागदाचा फोटो द्या, काउंटरवर लावतो. ज्याला वाचायचंय तो वाचेल, ज्याला वाचायचं नाही त्याचे पाचशे मी घेणार, आधीच सांगतो.