तारांगणात आधी आजचं आकाश, की थेट चित्रपट?

अगस्त्य

तारांगणाच्या एका खेळाला लोकांची ये-जा धरून तासाभराचा वेळ मिळतो. माझं म्हणणं असं, की त्यातली पहिली वीस मिनिटं निवेदकाने स्वतः बोलत, आज रात्री याच गावावर दिसणारं आकाश दाखवलंच पाहिजे. चित्रपट त्यानंतर. सध्या बऱ्याच ठिकाणी दिवे मालवले की तयार फुलडोम (म्हणजे पूर्ण घुमटभर दिसणारा) चित्रपट सुरू होतो आणि श्रेयनामावली संपली की लोक बाहेर पडतात. अशाने घुमटाचा नुसता गोल पडदा होतो.

माझा आक्षेप अंशांचा आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणून इथे ध्रुव क्षितिजापासून १९ अंशांवर दिसतो. युरोप-अमेरिकेत तिथल्या प्रेक्षकांसाठी बनलेल्या चित्रपटात तो चाळीस-पन्नास अंशांवर असतो. अगस्त्याचा तारा त्या आकाशात उगवतही नाही. मुंबईत तो दक्षिणेला १८ अंशांपर्यंत चढतो, आणि व्याध सोडला तर रात्रीच्या ताऱ्यांत त्याच्याहून तेजस्वी कोणी नाही. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे संध्याकाळची चंद्रकोर होडीसारखी आडवी असते, चित्रपटात ती उभी दिसते. मूल घरी येऊन गच्चीवर जातं, पाहिलेलं काही जुळत नाही, आणि मग ते वर बघायचंच सोडून देतं.

१९२३ साली म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये झाइस कंपनीचं पहिलं तारांगणयंत्र चाललं. वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी घडवलेल्या त्या यंत्रात सुमारे ४,५०० तारे होते, पण आकाश फक्त म्युनिकच्या अक्षांशाचं. दुसरीकडचं आकाश दाखवायची सोय पुढच्या यंत्रात आली. म्हणजे या साधनाचा जन्मच 'आपल्या गावाचं आकाश' दाखवायला झाला. आपल्याकडेही पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण उभं राहिलं, ते शाळेच्या आवारात.

क्रमाचाही प्रश्न आहे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पहिली आठ-दहा मिनिटं लागतात आणि ती पुरती व्हायला वीस-तीस. आधी लखलखीत चित्रपट दाखवून शेवटी पाच मिनिटं तारे दाखवले, तर अंधुक तारे प्रेक्षकाला दिसतच नाहीत. सूर्यास्तापासून सुरुवात करून प्रकाश हळूहळू उतरवत न्यायचा, हीच रीत बरोबर.

रीळवाला

अक्षांशाचा मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य.

घुमटावरचा चित्रपट हा नंतर घुसलेला पाहुणा नाही. १९७३ साली सॅन दिएगोच्या रूबेन फ्लीट केंद्रात पहिला आयमॅक्स घुमट सुरू झाला तेव्हा ताऱ्यांचं यंत्र आणि चित्रपट एकाच २३ मीटरच्या छताखाली होते. तो घुमट मुद्दाम २५ अंश कललेला बांधला, म्हणजे सगळे प्रेक्षक एकाच दिशेला बसतील आणि चित्र त्यांच्या पायांखालपर्यंत येईल.

आणि तो चित्रपट म्हणजे काय, हेही लक्षात घ्या. ७० मिलिमीटरची फिल्म आडवी धावते, एका चौकटीला १५ छिद्रं. छिद्रांमधलं अंतर ४.७५ मिमी धरलं तर सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने मिनिटाला सुमारे १०३ मीटर फिल्म सरकते, चाळीस मिनिटांच्या चित्रपटाला चार किलोमीटरहून जास्त. एवढ्या वेगात फिल्म नेहमीच्या दात्यांनी ओढली तर फाटते. म्हणून ती लाटेसारखी पुढे लोळवतात आणि प्रत्येक चौकट निर्वात पोकळीने भिंगाला चिकटवून स्थिर धरतात. मागे १५ किलोवॅटचा, पाण्याने थंड ठेवलेला झेनॉन दिवा. फिशआय भिंगातून फेकलेलं ते चित्र कोणत्याही भाषणाने भरून निघत नाही. प्रवाळाच्या भिंतीवरून मासा सरकताना मूल खुर्चीतून हात पुढे करतं, त्याचंही मोल आहे.

आता तुमच्या 'खऱ्या' आकाशाकडे येतो. आज बहुतेक तारांगणांत ताऱ्यांचा गोळा, म्हणजे दिव्याचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी घुमटावर फेकणारं जुनं यंत्र, उरलेला नाही. मुंबईच्या नेहरू तारांगणातही झाइसच्या यंत्राची जागा २००३ साली डिजिस्टार या डिजिटल प्रणालीने घेतली. डिजिटल घुमटावरचं आकाश हे मुळात चित्रच आहे. २० मीटर व्यासाच्या घुमटावर एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत ३१ मीटर भरतात. त्यावर ४ के म्हणजे ४,०९६ ठिपके पसरले की एक ठिपका साडेसात मिलिमीटरचा. कोनात मोजलं तर २.६ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि डोळा एक कला ओळखतो. व्याध आणि सहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा यांच्या तेजात जवळजवळ हजारपट फरक असतो. आठ बिटांच्या डिजिटल चित्रात तेजाच्या पायऱ्या २५६. मग व्याध 'तेजस्वी' करता येत नाही, 'जाडा' करावा लागतो. असं आकाश वीस मिनिटं दाखवून त्याला खगोलशास्त्र म्हणायचं, त्यापेक्षा त्या यंत्राला जे उत्तम जमतं ते दाखवा.

कृत्तिका

रीळवाला, गणित बरोबर आहे, पण ते ठिपक्याचं आहे, आकाशाचं नाही. जाडा व्याधही पूर्व-आग्नेयेलाच उगवतो आणि मृगाचा पट्टा त्याच्याकडेच बोट दाखवतो. नक्षत्र ओळखायला शिकणाऱ्याला एवढंच हवं असतं.

खरा दोष काळोखाचा आहे. डिजिटल प्रोजेक्टर 'काळं' दाखवतो तेव्हाही थोडा उजेड गळतोच. दोन प्रोजेक्टरांची चित्रं कडेला एकमेकांवर चढवलेली असतात, तिथे ही गळती दुप्पट होते. चित्रपट चालू असताना हे कळत नाही. ताऱ्यांच्या आकाशात मात्र घुमटावर राखाडी पट्टे उमटतात. सॉफ्टवेअरने त्यावर इलाज केला तर बाकीचं आकाशही तेवढंच राखाडी करावं लागतं. नेमका इलाज म्हणजे भिंगापुढे कडेचा उजेड अडवणारी धातूची पट्टी बसवणं. ती मिलिमीटरने सरकवत, पूर्ण अंधारात, काळं चित्र लावूनच जुळवायची. हे काम एकदा नीट झालं की ४ के घुमटावरही आकाशगंगेचा पट्टा बघण्यासारखा होतो.

रंगाचंही तसंच. घुमट पांढराशुभ्र रंगवला तर एका बाजूचा उजेड समोरच्या बाजूवर आपटून सगळं चित्र फिकं पडतं, म्हणून तो राखाडीच ठेवतात. पावसाळ्यात ओल आली आणि कोणी हौसेने पांढरा रंग मारला, की अर्धा कॉन्ट्रास्ट गेलाच.

आणि डिजिटल घुमटाला जे उत्तम जमतं तेच तर निवेदकाच्या हातात द्यायचं आहे! शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात 'कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत' असं वचन आहे. पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलतो, म्हणून ताऱ्यांच्या उदयाची जागा हजारो वर्षांत सरकते. त्या वचनावरून भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी काळ काढला तो इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा. आज मुंबईत कृत्तिका पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतात. घुमटावर आजचा उदय दाखवा, मग वर्षं मागे न्या, पाच हजार वर्षांमागे थांबा आणि पुन्हा उदय दाखवा. काम तीन मिनिटांचं. आपल्या पंचांगाशी आणि ग्रंथांशी असं नातं जोडणारा चित्रपट बाहेरून कोण बनवून देणार?

सहलप्रमुख

शाळेच्या बाजूने लिहितो, आणि मी चित्रपटाच्या बाजूचा आहे.

दोनशे मुलं, तीन तुकड्या, बसमध्ये डबे, पुढे विज्ञान केंद्राची दालनं बघायची आहेत. निवेदक चांगला असेल तर वीस मिनिटं सोन्याची. पण दिवसाच्या पाचव्या खेळाला तोच माणूस दमलेला असतो, घाईने राशींची नावं उरकतो आणि अंधारात मुलं शिट्ट्या मारायला लागतात. चित्रपट पहिल्या तुकडीला जसा, तसाच पाचवीला. सहावीच्या वर्गाला अक्षांश-रेखांश आहेत, तेव्हा शिक्षकाला आधीच ठाऊक असायला हवं की आत नेमकं काय दाखवणार. चित्रपटाची माहितीपत्रिका मिळते, निवेदकाच्या बोलण्याची मिळत नाही.

शिवाय बसायची सोय बघा. जुने घुमट आडवे, खुर्च्या गोलाकार. निवेदक म्हणतो 'उत्तरेकडे बघा', निम्म्या मुलांची पाठ उत्तरेला. सगळे वळतात, पुढच्याला लाथ लागते, पाच मिनिटं गेली.

अगस्त्य

सहलप्रमुख, तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या निवेदन नीट न बसवल्याच्या आहेत. एका निवेदकाला दिवसात तीनच खेळ द्यायचे. बोलणं पाठ नको, पण टप्पे ठरलेले हवेत: सूर्यास्त आणि दिशा, ध्रुव आणि अक्षांश, त्या महिन्याची तीन नक्षत्रं, दिसत असलेले ग्रह, मध्यरात्रीनंतरचं आकाश झरझर पुढे नेणं, शेवटी प्रश्न. प्रत्येक टप्प्याला कळ ठरलेली. ही टप्प्यांची पत्रिका शाळेला आधी पाठवता येते. माइक कानावरचा हवा, हातातला नको, कारण एक हात कळफलकावर आणि दुसऱ्यात बाण दाखवणारा दिवा असतो. 'उत्तरेकडे बघा' म्हणण्यापेक्षा आकाशच फिरवून उत्तर सगळ्यांना सोयीच्या बाजूला आणावी, मात्र फिरवताना तसं सांगून.

ध्रुवाच्या टप्प्यावर मुलांना हात लांब करून मूठ धरायला लावायची. एक मूठ दहा अंश. मुंबईत ध्रुव दोन मुठींना जरासा कमी. हे माप घेऊन मूल घरी जातं.

रीळवाला

इथेच चूक होते, आणि ती मोठी आहे. मूठ घुमटाखाली चालत नाही.

दहा मीटर त्रिज्येचा घुमट धरा, डोळे घुमटाच्या कडेच्या पातळीवर. मधोमध बसलेल्याला ध्रुव १९ अंशांवर दिसेल. उत्तरेकडे पाच मीटर सरकून बसलेल्या मुलाला तोच ठिपका ३६ अंशांवर दिसतो आणि दक्षिणेकडे पाच मीटर बसलेल्याला १३ अंशांवर. एकाच्या साडेतीन मुठी, दुसऱ्याची सव्वा. खरं आकाश अनंत अंतरावर असतं, घुमट दहा मीटरवर. तुमचं आकाश गावाचं खरं, पण फक्त मधल्या काही खुर्च्यांपुरतं. चित्रपटाच्या आकाशाला तुम्ही चुकीचं म्हणता, तीच चूक तुमच्या मुठीत आहे.

अगस्त्य

मान्य. घुमटाखाली मूठ नको, माझा तेवढा भाग मागे घेतो. तिथे उत्तर-दक्षिण रेषा अंशांच्या खुणांसह उजळवायची आणि ध्रुव १९च्या खुणेशी आहे हे वाचून दाखवायचं. खूण आणि तारा घुमटावर एकाच जागी असल्याने कुठूनही बघितलं तरी वाचन तेच येतं. मूठ कशी धरायची ते दिवे लागल्यावर दाखवायचं, गच्चीवरच्या अभ्यासासाठी.

मूळ मुद्दा त्याने ढळत नाही. खुर्चीमुळे होणारी चूक निवेदक बोलून सांगू शकतो. चित्रपटातली चूक कोण सांगणार?

शब्दवेल्हाळ

मराठीबद्दल कोणीच बोललेलं नाही. चित्रपट भाड्याने घेताना निवेदनाचा आवाज वेगळा आणि संगीत व ध्वनिप्रभाव वेगळे, असे सुटे मागून घ्यावे लागतात. करारात ते नसेल तर इंग्रजी आवाजावरच मराठी चढवावं लागतं आणि दोन्ही ऐकू येत राहतात. इंग्रजी वाक्याच्या जागेत मराठी वाक्य बसवताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे गेलात, तर घुमटाच्या प्रतिध्वनीत शेवटचे शब्द विरतात. मग विशेषणं आधी कापायची, आकडे नंतर. क्रियापदाला हात लावायचा नाही. 'कॉन्स्टेलेशन' म्हणजे सरसकट नक्षत्र नव्हे, हेही कोणी तपासत नाही. नक्षत्रं २७, तारकासमूह ८८.

निवेदक असेल तर हा सगळा खटाटोप टळतो. समोर नागपूरकडची मुलं असोत की कोकणातली, तो त्यांच्या बोलीकडे झुकू शकतो. माझं मत अगस्त्य यांच्या बाजूने.

कृत्तिका

+१. आणि २ ऑगस्ट २०२७चं सूर्यग्रहण येतंय. स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तान इथे खग्रास, मुंबईतून खंडग्रास. बाहेरचे चित्रपट खग्रासच दाखवतील. इथल्या लोकांना सूर्य किती झाकला जाणार, कोणत्या बाजूने, आणि चष्मा एक क्षणही का काढायचा नाही, हे सांगायला निवेदकच लागेल. जुलैचा पूर्ण महिना हा खेळ लावावा.

रीळवाला

ग्रहणाचा खेळ जरूर लावा, तो निवेदकाचाच असू द्या. त्यात एखादी चित्रफीत घालणार असाल तर ती सेकंदाला ६० चौकटींची बनवा. १८० अंशांचं आकाश दहा सेकंदांत सरकवलं तर २४ चौकटींत प्रत्येक उडी पाऊण अंशाची, ४ के घुमटावर सतरा ठिपक्यांची, आणि तारा एकाऐवजी तुटक माळेसारखा दिसतो. ६० चौकटींत ती सात ठिपक्यांवर येते. ४,०९६ बाय ४,०९६ ठिपक्यांची एक चौकट कॉम्प्रेस न करता ५० मेगाबाइट होते, म्हणजे पाच मिनिटांच्या तुकड्यालाही १८,००० चौकटी आणि ९०० गिगाबाइट. जागा आधी मोकळी करा, प्रत्येक प्रोजेक्टरच्या वाट्याचे चित्राचे तुकडे निदान आठवडाभर आधी कापून त्यावर चढवा, आणि एकदा पूर्ण खेळ रिकाम्या घुमटात चालवा.

वर्षभर प्रत्येक खेळात वीस मिनिटं सक्तीची, याला मात्र माझा विरोध कायम आहे. ज्या तारांगणात शिकवलेला निवेदक एकच आहे, तिथे तो रजेवर गेला की तुमच्या नियमाने घुमट बंद ठेवावा लागेल.

अगस्त्य

म्हणून दोन निवेदक नेमा, असं मी म्हणेन. नवा प्रोजेक्टर घेताना दुसऱ्या निवेदकाचा पगार त्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.