इराणी हॉटेलं आणि कोपऱ्याची जागा

वर कुणीतरी विचारलंय की मुंबईतली इराणी हॉटेलं नेहमी कोपऱ्यावरच का असायची. म्हणतात की कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून आपले दुकानदार ती घ्यायचे नाहीत, यझद-केरमानहून आलेल्या इराण्यांना मात्र त्याचं काही नव्हतं, त्यांना ती स्वस्तात मिळाली आणि दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक पण. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. पण मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे तिथे कुठल्याही जातीधर्माचा माणूस एकाच संगमरवरी टेबलाला बसून ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी), पाणी कम चहा घ्यायचा, त्या काळात हे अजिबात साधं नव्हतं हो!