संध्याकाळी गेमचं पिंग १५ वरून २५० वर: दोष राउटरचा की लाइनचा?

चौथा_मजला

जोडणी अशी आहे. पिंपरीत सोसायटीतला फ्लॅट, फायबर प्लॅन ५० एमबीपीएस, अपलोडही तेवढंच. इंटरनेट कंपनीने दिलेला डबा (मोडेम-राउटर) हॉलमध्ये टीव्हीमागे, पत्ता १९२.१६८.१.१. त्यातून केबल काढून बेडरूममध्ये स्वतःचा टीपी-लिंक आर्चर सी६, पत्ता १९२.१६८.०.१. पीसी वाय-फायवर, पीएस५ (प्लेस्टेशन ५) पण वाय-फायवर.

त्रास: वॅलोरंट गेम, मुंबई सर्व्हर. दुपारी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) १२ ते १५ मिलिसेकंद. रात्री आठनंतर मधूनच २०० ते २५०, पाच-दहा सेकंद तसंच, मग परत १५. प्लेअर पुढे पळतो आणि झटक्यात मागे येतो. स्पीड टेस्ट कधीही लावा, ४८ च्या वरच. दुसरं म्हणजे पीएस५ वर नॅट टाइप ३ (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा कडक प्रकार) दाखवतं, पार्टीत समोरच्याचा आवाज येत नाही.

करून झालं: रीस्टार्ट, डीएनएस १.१.१.१, राउटर फॅक्टरी रीसेट. कंपनीचं म्हणणं, स्पीड पूर्ण मिळतोय म्हणजे लाइन ठीक.

बारा-पंधरा हजारांचा गेमिंग राउटर घेऊ का?

---

रोहित्र

अजून काही घेऊ नका. पिंग नेमकं कुठे चढतं ते आधी शोधा, नाहीतर पंधरा हजार घालून तोच त्रास लाल दिव्यांसकट मिळेल.

पीसीवर कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. तिन्हींत पिंग लावा, शेवटी डॅश टी जोडा म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहील. पहिलीत १९२.१६८.०.१, दुसरीत १९२.१६८.१.१, तिसरीत ८.८.८.८ (गूगलचा, घराबाहेरचा पत्ता). आता दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा आणि तिन्ही खिडक्या बघत बसा.

पहिलीतच आकडे उड्या मारायला लागले तर वाय-फायचा दोष. पहिली शांत, दुसरी उडतेय, तर तुमच्या राउटर आणि डब्यामधली केबल किंवा पोर्ट. पहिल्या दोन्ही शांत आणि फक्त तिसरी चढली, तर डब्यापासून बाहेरची वाट भरलीय.

हे आधी वाय-फायवर करा, मग पीसी केबलने राउटरला जोडून पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे इथे टाका.

---

जोडतार

रोहित्र यांनी सांगितलेलं कराच. डीएनएसचं मात्र डोक्यातून काढा. डीएनएस फक्त सर्व्हरचा पत्ता शोधून देतं. मॅच सुरू झाल्यावर पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) थेट त्या पत्त्यावर जातात, तिथे डीएनएसचा संबंधच उरत नाही. १.१.१.१ ठेवा की ८.८.८.८, मॅचमधलं पिंग तेच.

आणि वॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये स्टॅट्सचा भाग आहे. तिथे नेटवर्क आरटीटी (म्हणजे पिंग) आणि पॅकेट लॉस दोन्हींचा ग्राफ चालू करा. पिंग चढणं आणि पॅकेट हरवणं हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

---

चौथा_मजला

केलं. कशावर काही चालू नसताना तिन्ही खिडक्या साधारण १, २ आणि ९.

अपलोड चालू असताना, पीसी केबलवर: पहिली १ च्या आत, दुसरी २, तिसरी २३० ते २४०. अपलोड थांबवलं की दोन सेकंदांत परत ९.

पीसी वाय-फायवर, अपलोड बंद: पहिलीच ३ वरून मधूनच ८०-९० वर जाते. साधारण ठरावीक अंतराने, मिनिटाला एकदा वगैरे.

पॅकेट लॉस शून्य.

---

रोहित्र

म्हणजे दोन दोष एकावर एक बसलेत. मोठा आधी घेऊ.

केबलवर फक्त तिसरी खिडकी चढते, आणि तीही अपलोड चालू असतानाच. याला बफरब्लोट म्हणतात. डब्याला बाहेर ५० एमबीपीएसनेच पाठवता येतं. आतून फोन त्याहून जास्त वेगाने ढकलत असला की उरलेलं डबा रांगेत उभं करतो. रांग लांबलचक असते, आणि गेमचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला लागतं. हिशोब करून बघा: १.५ एमबीची रांग म्हणजे १२ मेगाबिट. ५० ने भागा, ०.२४ सेकंद. तुमचे २४० मिलिसेकंद हेच. स्पीड टेस्टच्या एमबीपीएसच्या आकड्यात रांग दिसतच नाही, म्हणून कंपनीला लाइन ठणठणीत वाटते.

रात्री आठनंतरच का? बहुतेक त्या वेळी घरातले फोन चार्जिंगला लागतात आणि फोटोंचा बॅकअप सुरू होतो. तात्पुरता उपाय म्हणून खेळायच्या वेळी बॅकअप बंद ठेवा. कायमचा उपाय म्हणजे रांग डब्यात बनूच द्यायची नाही, ती आपल्या राउटरमध्ये आणायची आणि तिथे शहाणपणाने सांभाळायची. त्याचं नाव एसक्यूएम. त्यातली केक नावाची पद्धत प्रत्येक उपकरणाला आणि प्रत्येक जोडणीला आळीपाळीने पुढे सोडते. मोठा अपलोड चालू असला तरी गेमच्या पॅकेटला थांबावं लागत नाही.

मूळ फर्मवेअरमध्ये (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) हे बहुतेक नसतं. ओपनडब्ल्यूआरटी हे पर्यायी फर्मवेअर टाकावं लागेल. राउटर उलटा करून स्टिकरवर व्हर्जन वाचा. आर्चर सी६ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपचे राउटर विकले गेलेत. व्हर्जन ३ ला ओपनडब्ल्यूआरटी चालतं, पण फाइल त्याच व्हर्जनची हवी. दुसऱ्या व्हर्जनची फाइल टाकलीत तर राउटरची वीट होते, तो चालूच होत नाही.

टाकल्यावर क्रम असा:
लुची-अ‍ॅप-एसक्यूएम हे पॅकेज बसवा. इंटरफेस वॅनचा (बाहेरच्या लाइनचा) निवडा. राउटर स्वतः पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने कंपनीला जोडणं) लावत असेल तर पीपीपीओई-वॅन. डाउनलोड ४५०००, अपलोड ४५००० भरा, आकडे किलोबिटमध्ये असतात. क्यू डिसिप्लिन केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक. लिंक लेयर इथरनेट, ओव्हरहेड ४४. सेव्ह करून तोच अपलोडचा प्रयोग परत करा. तिसरी खिडकी २० च्या आत राहिली की आकडे हजार-हजाराने वाढवत न्या. पिंग हलायला लागलं की एक पायरी मागे या.

फायरवॉलच्या पानावर हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग बंद असल्याची खात्री करा. ते चालू असेल तर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून जातात आणि सगळी मेहनत पाण्यात. बंद केल्याने प्रोसेसरवर भार येतो, पण ५० एमबीपीएसला या राउटरचा प्रोसेसर आरामात पुरतो. कोणाचा ५००-१००० चा प्लॅन असेल तर तिथे ताकदीचा राउटर लागेल, तो खर्च मात्र सार्थकी.

---

निळा_दिवा

फर्मवेअर बदलायची भीती वाटत असेल तर मूळ क्यूओएसनेही (कोणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सेटिंग) थोडं भागतं. त्यात एकूण बँडविड्थ विचारतात तिथे खरी ५० न लिहिता ४३-४५ लिहा. बहुतेक जण खरा आकडा भरतात आणि मग क्यूओएस काहीच करत नाही म्हणतात. कोंडी डब्यात होत असेल तर राउटरला कळणार कसं? अडथळा मुद्दाम आपल्याकडे आणायचा असतो. अर्थात केकइतका नेमकेपणा यात नाही.

आता वाय-फाय. ठरावीक अंतराने येणारी उसळी म्हणजे बहुधा पीसीचं वाय-फाय कार्ड आजूबाजूची नेटवर्क शोधायला चॅनेल सोडून जातं आणि परत येतं. विंडोजमध्ये लोकेशन चालू असेल तर तेही असं स्कॅनिंग करवतं, म्हणून ते बंद करून बघा. कार्डाचा ड्रायव्हर नवा करा. २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर ५ वर या. राउटरमधलं स्मार्ट कनेक्ट बंद करून दोन्ही बँडला वेगळी नावं द्या, म्हणजे पीसी आपल्या मनाने बँड बदलणार नाही.

५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ऑटो ठेवू नका. ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचं द्या. ५२ ते १४४ मध्ये रडारला आधी वाट द्यावी लागते. रडारसारखा सिग्नल दिसला की राउटर चॅनेल सोडून पळतो, आणि ऐन मॅचमध्ये सगळे डिस्कनेक्ट. २.४ वापरायचंच असेल तर १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सोसायटीत ४० ठेवणं म्हणजे अर्ध्या मजल्याशी भांडण.

पण माझं ऐकाल तर पीसी आणि पीएस५ दोन्ही केबलवर आणा. वाय-फायची कितीही मशागत करा, हवा सगळ्यांची एकच.

---

जोडतार

केबलचा विषय निघालाच आहे तर. पंधरा-वीस मीटर कॅट ६ पुरे, कॅट ५ई सुद्धा चालेल. फक्त अस्सल तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. ती वळणावर तुटते आणि क्रिंपमध्ये (कनेक्टर दाबून बसवतात तिथे) सैल होते.

कनेक्टर बसवून घेताना स्वतः डोळ्यांनी बघा. खिट्टी खाली, सोनेरी पिना वर, तर डावीकडून क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, चूक तिथेच होते. बरेच जण चारही जोड्या शेजारी-शेजारी लावतात, दोन्ही टोकांना तशाच. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, सगळे खूश. पण तिसरी आणि सहावी पिन एकमेकींत पिळलेल्या तारांवर यायला हवी, ती येत नाही. मग एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो आणि लिंक कधी १०० वर घसरते, कधी पॅकेट हरवतात. आठ दिवे लागणारी केबल खराब असू शकते हे पटायला लोकांना फार वेळ लागतो.

विंडोजमध्ये इथरनेटच्या स्टेटसमध्ये १.० जीबीपीएस दिसलं पाहिजे. दोन्ही बाजूंना गिगाबिट पोर्ट असून १०० दिसत असेल तर चारपैकी एखादी जोडी मेली. तुमच्या ५० च्या प्लॅनला स्पीडमध्ये हे कधीच जाणवणार नाही, म्हणून मुद्दाम बघा.

---

रोहित्र

पीएस५ च्या नॅटचं राहिलं. हे पिंगपेक्षा वेगळं दुखणं आहे. वॅलोरंटचे स्वतःचे सर्व्हर आहेत, तिथे नॅटने फरक पडत नाही. पार्टीचा आवाज आणि खेळाडू ते खेळाडू थेट जोडणारे गेम, तिथे अडतं.

नॅट म्हणजे घरातल्या उपकरणांचे पत्ते बाहेर एकाच पत्त्यात बदलणं. तुमच्याकडे ते दोनदा होतंय: एकदा आर्चरमध्ये, एकदा डब्यात. यूपीएनपी (उपकरणाने मागितलेलं पोर्ट आपोआप उघडणारी सोय) आर्चरमधलं दार उघडतं, डब्याचं दार बंदच. आधी डब्याच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल तर कंपनीकडेही तिसरं नॅट आहे, त्याला सीजीनॅट म्हणतात. मग घरात कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी येऊ शकत नाही. कंपनीकडून पब्लिक आयपी घ्यावा लागतो, बहुतेक ठिकाणी त्याचे महिन्याला वेगळे पैसे पडतात.

पब्लिक आयपी असेल तर दोन रस्ते. चांगला रस्ता: कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये (डबा नुसता पूल, राउटिंग आर्चरकडे) टाकायचा आणि पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड, लागत असल्यास व्हीलॅन आयडी आर्चरमध्ये भरायचा. फोन ठेवण्याआधी तिन्ही गोष्टी लिहून घ्या. डब्याला लँडलाइन जोडलेली असेल तर ती चालू राहील का हेही विचारा. पीपीपीओईवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवा. दुसरा रस्ता: आर्चरला डब्यातून कायमचा एकच आयपी द्या, मग डब्याच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं ज्या एका पत्त्यावर पाठवायचं ती जागा) तो आयपी भरा. काम तेच होतं, फोन न करता.

आर्चरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचा सल्ला कोणीतरी देईलच. दुहेरी नॅट त्यानेही जातं, पण मग राउटिंग डबा करतो आणि एसक्यूएम लावायला जागा उरत नाही. तुम्हाला दोन्ही हवंय.

शेवटी आर्चरमध्ये यूपीएनपी चालू ठेवा आणि पीएस५ ला ठरावीक आयपी द्या. हाताने पोर्ट फॉरवर्ड आणि यूपीएनपी दोन्ही एकाच पोर्टसाठी करू नका, एकमेकांत अडकतात. पीएस५ चं डीएमझेड नको, डीएमझेडमध्ये फक्त राउटर.

---

निळा_दिवा

एक आगंतुक मुद्दा. डबा किंवा राउटर मिनी यूपीएसवर असेल तर अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे ताडून बघा. राउटरला १२ व्होल्ट १.५ किंवा २ अँपिअर लागत असेल आणि यूपीएस १ अँपिअरचा असेल, तर एरवी चालतं. वाय-फायवर भार आला की व्होल्टेज बसतं आणि राउटर गपकन रीस्टार्ट होतो. लोक लाइनला शिव्या घालतात.

---

चौथा_मजला

स्टिकरवर व्ही ३ निघालं, ओपनडब्ल्यूआरटी बसलं. डब्यावर वॅन आयपी पब्लिकच आहे, म्हणून डीएमझेडचा रस्ता घेतला. पीएस५ आता नॅट टाइप २, पार्टीत आवाज येतो. पीसीला केबल ओढली, स्टेटसमध्ये १.० जीबीपीएस.

एसक्यूएम ४५/४५ वर अपलोड चालू असताना तिसरी खिडकी ११ ते १६. ४८ वर नेलं की ६०-७० होते, म्हणून ४७ वर थांबलो, तिथे १३ ते १८.

एकच शंका: स्पीड टेस्ट आता ४४ दाखवते, घरी विचारतात नेट कमी केलंस का.

---

रोहित्र

४४ च दिसणार. ४७ मधून पॅकेटांच्या डोक्यावरचा पत्त्याबित्त्यांचा बोजा वजा होतो. घरच्यांना अपलोड चालू ठेवून व्हिडिओ कॉल लावायला सांगा, तक्रार बंद होईल.

आणि हे कुठेतरी लिहून चिकटवून ठेवा: पुढे प्लॅन १०० चा केलात तर एसक्यूएममधले ४७००० बदलायचे. नाहीतर पैसे १०० चे भराल, स्पीड ४४ मिळेल, आणि कंपनीचा माणूस डब्याला लॅपटॉप लावून १०० दाखवून निघून जाईल.