पार्किंगवरच्या द्राक्षवेलीचं काय करायचं?

५ ऑक्टोबर

ए-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार. पार्किंगच्या मंडपावरच्या द्राक्षवेलीबद्दल तीन तक्रारी आल्यात. पानं गाड्यांवर पडतात, मुंग्या होतात आणि तीन वर्षांत एक घड धरलेला नाही. वेल बुंध्यापासून काढायचा विषय रविवारच्या मीटिंगला घेऊ का?

ए-००३: माझी गाडी बरोब्बर खाली असते. उन्हाळ्यात सावली मिळते, नाही म्हणत नाही. पण पावसात काळे डाग पडलेली पानं काचेला चिकटून बसतात. फळ नाही तर ठेवायची कशाला?

सी-३०४ (काकू): काढू नका रे. ह्यांनी लावलेली आहे ती. पाणी मी घालते, शेणखत मी घालते. दरवर्षी चवथीच्या आधी माणूस बोलावून छाटूनही घेते. तरी का धरत नाही, देव जाणे.

बी-२०१: काकू, चवथीच्या आधी छाटता ना, तिथंच घोटाळा होतोय. भाई, मीटिंगला विषय घ्यायच्या आधी मला थोडं लिहू द्या. मोठा मेसेज आहे, सगळ्यांनी वाचा प्लीज.

बी-२०१: माझं माहेर तासगावच्या बाजूचं. घरची बाग होती. तिकडे वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. घड ऑक्टोबरनंतर दिसतो म्हणून सगळ्यांचं लक्ष गोडी छाटणीकडे असतं, पण घड तयार होतो तो एप्रिल-मेमध्ये. खरड छाटणीनंतर ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे पानांच्या बगलेतल्या कळ्यांत, साधारण चाळीस ते साठ दिवसांत सूक्ष्म घड बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही. त्या दिवसांत काडीवर भरपूर ऊन पडायला हवं आणि पाणी, नत्र बेताचं हवं. ऊन मिळालं नाही तर डोळ्यात घडाऐवजी नुसती बाळी तयार होते, ती वेलीला धरून चढायची तार असते ना, ती.

आता आपली वेल बघा. एप्रिलमध्ये तिला कुणी हात लावत नाही. मंडपावर जुन्या काड्यांचं जाळं झालंय, आत उजेडच जात नाही. काकू मे महिन्यात मायेने रोज पाणी घालतात, त्यामुळे ती आणखी पानांवर जाते. आणि मग भर पावसात छाटणी. तासगावकडे वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटर, इथं गोव्यात ३,००० च्या आसपास. श्रावणात छाटलं की कोवळी फूट सापडते ती नेमकी करपा रोगाच्या तोंडी.

हे मी स्वतः करून बसलेय. म्हापशाला भाड्याच्या घरात होते तेव्हा मागच्या दारी एक वेल होती. ऑगस्टमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून हौसेनं छाटली. आठ-दहा दिवसांत काय सुंदर पोपटी फूट आली! मग आठवडाभर झड लागली. पानांवर आधी टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके, मग त्यांची भोकं, शेंडे जळल्यासारखे काळे. पानांच्या वरच्या बाजूला तेलाचे डाग पडावेत तसे पिवळे चट्टे, खाली पांढरी बुरशी, म्हणजे केवडा रोगही आला. चवथीला वेलीवर एक धड पान नव्हतं. पुढच्या वर्षी ती फुटलीच नाही. काकू, तुमचा अजिबात दोष नाही. इथं हे सांगणारं कुणी नसतं, बाकीची झाडं जशी छाटतात तशीच हीसुद्धा छाटली जाते.

सी-३०४ (काकू): अगो बाय, एवढं मला कुणी कधी सांगितलं नाही. मी तर मेमध्ये दोन दोन बालद्या घालत होते.

ए-००३: वहिनी, पण गोव्यात द्राक्ष होतं तरी का? उगाच आशा नको.

बी-२०१: बागेसारखं पीक येणार नाही, तसं म्हणणारही नाही. इथं रात्री थंड नसतात, त्यामुळे काळ्या द्राक्षाला रंग एकसारखा भरत नाही. पण आपल्या वेलीच्या पानाची खालची बाजू पांढुरकी, लोकरीसारखी आहे. बंगळूर ब्लू या द्राक्षाच्या जातकुळीतली असावी. ती करप्याला बरीच दाद देत नाही, म्हणून तर इतके पावसाळे काढले तिनं. थॉमसन जातीची असती तर केव्हाच गेली असती. ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस सरल्यावर छाटली तर फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या हवेत पिकतं. इथल्या हवेला हेच वेळापत्रक जुळतं.

डी-१०१ (मास्तर): मुद्दा पटला. पण यंदा एप्रिलची छाटणी झालेलीच नाही, मग आता छाटून काय मिळणार?

बी-२०१: मास्तर, बरोबर विचारलंत. आज सकाळी स्टुलावर चढून बघितलं. मधल्या काड्या बारीक, हिरवट, त्यांच्यात काही नाही. पण गेटच्या बाजूला, जिथं दुपारपर्यंत ऊन येतं, तिथं अकरा काड्या पेन्सिलएवढ्या जाड आणि पक्क्या तपकिरी झालेल्या आहेत. त्यांतली एक कापून बघितली, आतला गाभासुद्धा तपकिरी आहे. म्हणजे काडी पिकलीय. त्या काड्यांवर सहा-सात डोळे ठेवायचे, बाकीच्या बारीक काड्या एका-दोन डोळ्यांवर आणायच्या. चार-पाच घड आले तरी पुष्कळ. खरं काम एप्रिलमध्ये.

ए-१०२ (सेक्रेटरी): ठीक आहे. काढण्याचा विषय पुढच्या मार्चपर्यंत थांबवू. पण गाड्यांचं काय?

बी-२०१: छाटल्यावर निम्म्याहून जास्त पसारा जाईल. वेलीला आकारच नाही, चार खोडं वर गेलीत. सरळ, जाड असं एकच ठेवू. मंडपाच्या खाली वीतभर अंतरावरून जे दोन फाटे निघालेत, ते ओलांडे, म्हणजे आडवे हात, म्हणून दोन बाजूंना पाइपवर सुतळीनं बांधू. गच्च नको, खोड जाड होतं तशी सुतळी रुतते. ओलांड्यावर चार-पाच बोटांच्या अंतरानं एकेक काडी. मग उजेड खालपर्यंत येतो, पानं लवकर सुकतात, रोग कमी, आणि गळणाऱ्या पानांचा त्रासही कमी. काकू, आजपासून पाणी बंद. पुढच्या आठवड्यात जुनी पानं हातानं उतरवू.

१९ ऑक्टोबर

ए-००३: वहिनी, सकाळी छाटलं ते चुकलं काहीतरी! प्रत्येक कापातून पाणी टपकतंय. बॉनेट ओलं झालंय.

सी-३०४ (काकू): मी पण बघितलं. जीव कळवळला गो.

बी-२०१: घाबरू नका. मुळं जिवंत आहेत, खालून पाणी ढकलताहेत. दोन-तीन दिवसांत आपोआप थांबेल. हे बघून मला उलट बरं वाटलं. पाणी थांबलं की बुरशीवरचं बोर्डो मिश्रण मारू. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बालद्यांत विरघळवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. मारायच्या आधी त्यात स्वच्छ विळा मिनिटभर बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. त्या दिवशी गाडी बाहेर लावा, निळे डाग पडतात. मुलांनाही लांब ठेवा.

डी-१०१ (मास्तर): विळा माझ्याकडे आहे. फवारणीचा पंप फोंड्याच्या बाजारातून आणतो.

१४ नोव्हेंबर

सी-३०४ (काकू): बाय, फोटो टाकते तो बघ. गेटकडच्या काडीवर पाचव्या पानाच्या समोर बारीक हिरवी मोहरीसारखी गुच्छी आहे. हा घड की बाळी?

बी-२०१: काकू!! घड आहे हो. बाळी असती तर शेंड्याला दोन फाटे फुटून वळली असती. हात लावू नका त्याला. बगलेतून छोटी फूट आली असेल ती तेवढी नखानं खुडा, घडासमोरचं पान मात्र राहू दे, त्याच्यावरच तो पोसतो.

सी-३०४ (काकू): आणखी दोन दिसतायत. एक मात्र लांबट होऊन वळायला लागलाय.

बी-२०१: तो जिरतोय, म्हणजे घडाची बाळी होतेय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ऊन कमी मिळालेल्या बाजूचा असेल. दोन तर आहेत. आता आठवड्यातून दोनदाच पाणी, तेही बुंध्यापासून हातभर लांब, पानांवर नको.

ए-००३: मी गाडी उद्यापासून पलीकडे लावतो. एप्रिलमध्ये कोणत्या तारखेला छाटायचं तेवढं आत्ताच ठरवून टाका, शिडी मी देतो.

बी-२०१: एप्रिलचा पहिला रविवार. त्यापेक्षा उशीर केला तर पावसाच्या आधी चाळीस-साठ उन्हाचे दिवस पुरे होत नाहीत. नवी काडी सात पानांची झाली की तिचा शेंडा खुडायचा, त्यासाठी मे महिन्यात आणखी एक रविवार लागेल. भाई, दोन्ही कॅलेंडरमध्ये टाका.

ए-१०२ (सेक्रेटरी): टाकले.