आईचा ब्रेस्ट कॅन्सर स्टेज फोर, दुखणं कुणी विचारतच नाही

साताऱ्याची लेक:
आईचा कॅन्सर हाडांत गेलाय, लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब या कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत. हॉस्पिटलच्या फीडबॅक फॉर्मवर तिने सगळीकडे 'उत्तम' टिक केलं आणि घरी येऊन म्हणते कंबर एवढी ठणकते पण विचारतंय कोण! मग तसं लिही ना म्हटलं, तर म्हणे डॉक्टरांना वाईट वाटेल, परत त्यांच्याच दारात जायचंय. तुमच्याकडेही असंच का?

मीनल७२:
अगं सेम. माझी मावशी पण डॉक्टरांसमोर 'बरी आहे' एवढंच बोलायची, मग आम्ही कागदावर लिहून द्यायला लागलो, कुठे दुखतं, दहापैकी किती, झोप मोडते का. कागद हातात दिला की वाचतात.

सिस्टर ताई:
पॅलिएटिव्ह केअरला, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या विभागाला दाखवायचंय असं स्वतःहून सांग. ते शेवटच्या दिवसांसाठीच असतं हा गैरसमज आहे, ट्रीटमेंटसोबत चालतं, परळच्या टाटा मेमोरियलला तर वेगळा विभागच आहे. हाडाच्या दुखण्यावर रेडिएशन, झोलेड्रोनिक ॲसिड (हाडांसाठीचं इंजेक्शन), लागलं तर मॉर्फिनही देतात. आणि पाय बधिर झाले किंवा लघवी अडकली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीला न्या.

नाना:
आमच्या हिला पण पाल्बोसिक्लिबच चालू आहे. २०२३ ला पेटंट संपलं आणि जेनेरिक आल्यावर खर्च बराच उतरला, पण २१ दिवस गोळ्या आणि ७ दिवस बंद हे नीट समजावलं ते फार्मसीतल्या मुलीने, फॉर्मवर तिचा रकानाच नाही.

साताऱ्याची लेक:
सिस्टर ताई, पॅलिएटिव्हला रेफरल लेटर लागतं का?